उभ्या गाडीचे ब्रेक

ब्रेक पॅडविषयी वाचण्यासारखं जगात जेवढं काही आहे, तेवढं ममताने गेल्या उन्हाळ्यापासून वाचून काढलं होतं. ते कशाचे बनतात, किती तापले की पकड सोडतात, थंडीत कसे वागतात, ओले झाले की कसे वागतात, सगळं. तरीही बाबांच्या गाडीला कुठले लावायचे हे काही ठरत नव्हतं.

ती अमरावतीच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होती. कुठलीही गोष्ट करण्याआधी त्या गोष्टीबद्दल वाचायचं, अशी तिची जुनी रीत. बाबा गेले तेव्हा तिने दुःखावरची पुस्तकं वाचली, आणि त्यातली दोन बरी आहेत असं आईला फोनवर सांगितलं. आईने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "जेवली काय?"

गाडी पुसदच्या घरासमोर कडुनिंबाखाली उभी होती. मुळात ती डोळे तपासणीची फिरती गाडी. गावोगाव जाऊन म्हाताऱ्यांचे मोतीबिंदू शोधता शोधता ती स्वतः म्हातारी झाली, तेव्हा एका ट्रस्टने ती विकायला काढली आणि ममताच्या बाबांनी, भीमराज सरांनी, घेतली. सर भूगोल शिकवायचे. नायगाराच्या धबधब्याची उंची त्यांना तोंडपाठ होती, पण धबधबा बघायला स्वतः जवळच्या सहस्रकुंडाच्या पुढे कधी गेले नव्हते. निवृत्त झाल्यावर जग बघायचं, आणि जग बघताना लॉजच्या चादरींवर झोपायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. सुताराकडून गाडीत पलंग बसवून घेतला, खाली सामानाचे कप्पे केले, पाण्याची टाकी आणि गॅसची शेगडी लावली, निळे पडदे शिवून घेतले. मागच्या दाराच्या आतल्या बाजूला डोळे तपासायचा तक्ता होता, तो मात्र काढला नाही. पलंगावर पडल्या पडल्या लहान लहान होत जाणारी अक्षरं वाचता येत, आणि ते सरांना आवडे.

पहिला प्रवास सांचीचा, हे ठरलेलं होतं. स्तूप बघायचा, तिथेच गाडी लावायची, सकाळी उठून चहा करायचा. दरवर्षी ठरायचं आणि दरवर्षी काहीतरी निघायचं. कधी आईचे गुडघे, कधी टायर. पण बहुतेक वेळा ब्रेक. "ब्रेकची खात्री झाल्याशिवाय घाट उतरायचा नाही," सर म्हणायचे, आणि खात्री कधी झाली नाही. गाडी रोज पुसदच्या आसपासच फिरे; तिची सर्वात मोठी सफर झाली ती बाभुळगावला, आईच्या भावाकडे. तिथेही सरांनी प्रयोग म्हणून भावाच्या दारासमोर गाडी लावली आणि दोघं गाडीतच झोपली.

"माहेरी जाऊन रस्त्यावर झोपणारी यवतमाळ जिल्ह्यात मी एकटीच बाई असन," आई त्यानंतर कित्येक दिवस सांगत होती.

मागच्या वर्षीच्या पावसाळ्यात, वर्षावासातल्या एका दुपारी, सर खुर्चीत बसल्या बसल्या गेले. त्यानंतर वर्ष उलटलं. गाडीच्या टपावर निंबोळ्यांचा थर जमला. आणि मधल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आलेल्या ममताने एकदा ती चालू करून फाटकापर्यंत नेली, तेव्हा ब्रेक दाबताच पुढच्या चाकांतून लोखंडावर लोखंड घासल्याचा असा आवाज आला, की समोरच्या घरातले लोक बाहेर आले.

तेव्हापासून तिचं वाचन चालू होतं.

आई, सत्यभामाबाई, सरकारी दवाखान्यात नर्स होती. आयुष्यभर लोकांना वेळेवर उठवायचं आणि वेळेवर घरी पाठवायचं काम केलेली. गाडी अशी पडून राहिलेली तिला बघवत नव्हती.

"हे पाह्य, ममता," दिवाळीच्या सुट्टीत ममता पुन्हा घरी आली तेव्हा ती एक दिवस म्हणाली. "या रविवारपर्यंत गाडी रस्त्यावर हालली तं तुही. नाही तं पोहेवाल्या हिरासिंगले द्याची. त्यानं दोनदा इचारलं."

"त्यांना गाडी कशाला हवी?"

"त्याले इचार. मले एवढंच समजते का मानूस गेल्यावर आपण त्याले घरात ठेवत नाही. गाडीले कायले ठेवाचं?"

 गाडी जाऊ द्यायची नाही, एवढं ममताला पक्कं माहीत होतं. का, ते विचारलं असतं तर तिने कदाचित एखादं पुस्तक सुचवलं असतं.

*

अब्दुल गनीचं गॅरेज वाशीम रस्त्यावर. माणूस आडदांड, चष्मा कायम कपाळावर, आवाज रस्त्याच्या पलीकडे पोचेल असा. "विदर्भात ब्रेकचं काम दोघांलेच समजते," असं तो प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगे. दुसरा कोण हे त्याने कधी सांगितलं नव्हतं, आणि असा दुसरा कोणी असेल असं त्याच्या बोलण्यावरून वाटतही नसे.

त्याने ममतापुढे टेबलावर ब्रेक पॅडचे तीन डबे मांडले.

"हा पाह्य बेटा, हा मऊ. झटकन पकडते, झटकन घासते. हा सेरेमिक. धूळ नाही, आवाज नाही, एकदम शरीफ. अन् हा कडक. लोखंडाचा भुसा हाय यात. मरत नाही लवकर, पण ओरडते. जरासा पाय लागला का किर्रर्र."

"मग तुम्ही कुठला सांगाल?"

"शरीफ. गिऱ्हाइकाचं असं हाय, गाडी दोन हात पुढं जाऊन थांबली तं चालते त्याले. आवाज आला का भांडाले येते."

"पण आपल्या गाडीचं वजन जास्त आहे, गनीभाई. पलंग आहे, टाकी आहे. आणि डिस्क जुनी. जुन्या डिस्कवर कडक पॅड लावले तर डिस्क घासते, असं एके ठिकाणी वाचलं. दुसऱ्या ठिकाणी उलट लिहिलंय."

"सरच बोलून राह्यले असं वाटलं मले," गनी म्हणाला, आणि क्षणभर त्याचा आवाज गॅरेजच्या आतच राहिला. मग परत चढला. "सरले म्या सगळे देऊन पाह्यले. या कंपनीचे, त्या कंपनीचे. इथंच बसून आमी दोघं डबे वाचत होतो. एकही टिकला नाही! ईदले टाकले का दसऱ्याले साफ. कंपन्यांत दम नाही राह्यला. माल खोटा, दुसरं काय!"

"बाबा काय म्हणायचे?"

"म्हणे, गनी, अजून एक ब्रँड पाहू."

ममताने तिन्ही डबे उचलून पाहिले, तिन्हींवरचं बारीक अक्षर वाचलं आणि परत ठेवले. "थोडं वाचून सांगते," ती म्हणाली.

गनीने कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेऊन तिच्याकडे पाहिलं, आणि परत कपाळावर ठेवला.

*

शुक्रवारी हिरासिंग घरीच आला. जवळच्या तांड्यावरचा माणूस, बसस्टँडजवळ तर्री-पोह्याचा ठेला चालवणारा. पांढराशुभ्र शर्ट, बोलणं मऊ. अंगणात उभं राहून त्याने गाडीकडे असं पाहिलं, जसं लोक मुलगी बघायला आल्यावर पाहतात, म्हणजे पाहत नाही असं दाखवत.

"ब्रेकचं काम बाकी आहे," ममताने आधीच सांगून टाकलं. "इतक्यात काही सांगता येत नाही."

"ब्रेकच्या मागं तुमी उगाच लागल्या, ताई. मले ब्रेक लागतच नाही."

"म्हणजे?"

"कॉलेजसमोर जागा पाह्यली हाय. चाकं काढून इटांवर बसवतो तिले. शेगडी हाय, टाकी हाय, खिडकी हाय. पोरं खिडकीतूनच पोहे घेतीन." त्याने हाताने हवेतच खिडकी दाखवली. "उलट हालली नाही पाह्यजे. हालली का तर्री सांडते."

ममताच्या डोळ्यांसमोर निळे पडदे आले, आणि त्यांना लागलेला तर्रीचा लाल डाग.

"ही बाबांची फिरायची गाडी आहे," ती म्हणाली. आवाज तिने खालीच ठेवला होता. "एका जागी उभी राहण्यासाठी नाही बनवली त्यांनी."

ओसरीवर लसूण सोलत बसलेल्या आईने मान वर केली नाही. "मंग आता काय उडून राह्यली?" ती म्हणाली.

हिरासिंग भला माणूस. त्याने नुसतं टपावरच्या निंबोळ्यांकडे पाहिलं.

"रविवारी गनीभाऊच्या गॅरेजवर या," आईने त्याला सांगितलं. "काय ते तिथंच होईन."

तो गेल्यावर ममता झाडू घेऊन गाडीत चढली. रागावल्यावर ती भांडत नसे, झाडत असे. पडदे काढले, शेगडी पुसली, मग पलंगाची फळी उचलली. खालच्या कप्प्यात बाबांच्या पद्धतीने, लहान पुढे आणि मोठे मागे, डबे रचलेले होते. पट्टा, फिल्टर, प्लग, वायपर. सगळे कंपनीचे, रंगीत, नवेकोरे दिसणारे. प्रत्येकाला खाकी टेप, टेपवर बाबांचं ठसठशीत अक्षर. एकावर लिहिलं होतं, 'पुढचे ब्रेक पॅड'.

ती पलंगाच्या कडेवर बसली.

टेपचं टोक बाबांनी नेहमीसारखं दुमडून ठेवलं होतं. पुढच्या माणसाला नख लावायला सोपं जावं म्हणून. घरातली कुठलीही चिकटपट्टी ते तशीच ठेवत, आणि कोणी विसरलं की रागावत नसत, पण स्वतः उठून दुमडत. ममताने त्या दुमडीवर बोट ठेवलं. उघडायची तिला घाई नव्हती. डबा जड होता, वर कंपनीचं नाव होतं, आणि बाबांनी सगळे ब्रँड पाहून, सगळं वाचून, शेवटी हा निवडून ठेवला होता. आता तिला निवडायचं कारण उरलं नव्हतं. इतक्या महिन्यांनी तिला पहिल्यांदा भूक लागल्यासारखं वाटलं.

"आई," ती डबा घेऊन ओसरीवर आली. "बाबांची सगळी तयारी झालेली होती. सांचीची. एक एक पार्ट नवा आणून ठेवलाय. ब्रेक पॅडसुद्धा."

आईने डब्याकडे पाहिलं, मग लेकीकडे. "असन," ती म्हणाली आणि लसणाच्या साली गोळा करू लागली.

*

रविवारी सकाळी गनी स्वतः येऊन गाडी घेऊन गेला. ब्रेक नसलेली गाडी पहिल्या गियरात, हँडब्रेकच्या भरवशावर, पायी चालणाऱ्या माणसाच्या गतीने वाशीम रस्त्याला लागली. मागून ममता डबा छातीशी धरून खरोखरच पायी चालत होती, आणि तिच्या मागून रिक्षात आई. एखाद्याने पाहिलं असतं तर त्याला ही कसली मिरवणूक ते कळलं नसतं.

गॅरेजवर हिरासिंग आधीच येऊन बाकावर बसला होता.

"जय भीम, भाभी," गनी म्हणाला. "पहिल्यांदा आल्या तुमी माह्या गॅरेजवर."

"सलाम, गनीभाऊ. कोणी बलावलंच नाही तं येऊ कशी?"

जॅक लागला, चाकं निघाली, आतले पॅड निघाले. ते तर संपून पत्र्याला पत्रा लागला होता. गनीने ते बाजूला टाकले आणि ममताकडून डबा घेतला. आधी तळहातावर झेलला, मग कानाजवळ नेऊन हलवला.

"असल माल!" त्याने जाहीर केलं. "हात सांगते माहा. वजनच वेगळं असते असल मालाचं. सरची निवड हाय शेवटी. म्याच सांगतलं असन त्यायले. हिरासिंग, पाह्य, असा माल आता येत नाही."

"मी उघडते," ममता म्हणाली.

तिने दुमडलेल्या टोकाला नख लावलं. टेप एका झटक्यात सरळ निघाली. आत वर्तमानपत्राचा कागद होता, तोही नीट घडी घातलेला. कागद बाजूला केला.

आत चार पॅड होते. काळे, जळून निळसर पडलेले. दोनांवर नखाएवढा थर उरला होता, दोनांवर तोही नाही. नुसता पत्रा, आरशासारखा घासलेला.

रस्त्यावरून कापसाचा ट्रॅक्टर गेला. 

"हे तं जुने हायत," हिरासिंग हळूच म्हणाला.

"नव्या डब्यात जुने कसे?" ममता म्हणाली. तिला वाटलं कोणीतरी बदलले, चोरले. वर्षभर गाडी उघड्यावर उभी होती.

"कसे म्हणजे?" गनी म्हणाला, पण त्याचा आवाज आता बराच लहान झाला होता. "पद्धतच हाय ते. नवा माल डब्यातून काढून गाडीले लावाचा, अन् जुना त्याच डब्यात घालून गिऱ्हाइकाच्या हातात द्याचा. नाही तं गिऱ्हाईक म्हणते गनीनं बदललंच नाही, नुसते पैसे घेतले. साऱ्या पुसदात तसंच करतात. डबा म्याच देला असन सरले."

"आणि बाबांनी तो टेप लावून ठेवला."

"सर कायले फेकतीन? पुरावा हाय तो."

आई इतका वेळ रिक्षावाल्याने आणून दिलेल्या खुर्चीवर बसून बघत होती. "मंग गनीभाऊ," तिने विचारलं, "ते बाकीचे डबे? पलंगाखालचे?"

गनीने चष्मा कपाळावरून काढून शर्टाला पुसला आणि परत चढवला. "तेई तसेच असतीन, भाभी. पट्टा, फिल्टर, समदं. म्याच देलं."

आईने पदर तोंडाला लावला. ममताला वाटलं, आता ही रडणार, आणि ती दोन पावलं पुढे झाली. पण आईचे खांदे हलत होते ते वेगळ्याच कारणाने. आई हसत होती. वर्षभरात पहिल्यांदा, आणि वर्षभराचं साठलेलं.

"सांचीची तयारी!" ती म्हणाली, आणि पुढचं बोलायला तिला थांबावं लागलं. "अवो, सारं भंगार घेऊन निघाले असते सांचीले! डबे पाहून मीई म्हणलं, मानसानं किती जमा करून ठेवलं! रस्त्यात गाडी बंद पडली असती तं एक एक डबा उघडत बसले असते!"

हिरासिंगने मान दुसरीकडे वळवली, पण त्याच्या शर्टाची पाठही हलत होती. ममता एक पॅड हातात घेऊन उभी होती. आधी तिला राग आला, मग लाज. मग डोळ्यांसमोर बाबा आले, भर रस्त्यात, डांबरावर मांडी घालून बसलेले, एक एक टेप नखाने सोडवत आणि आतलं पाहून प्रत्येक वेळी तितकेच चकित होत. ते नक्की असंच करत बसले असते, हे तिला इतकं स्पष्ट दिसलं की ती पॅड धरूनच जवळच्या टायरवर बसली, आणि हसायला लागली, आणि हसता हसता जे काय व्हायचं होतं ते झालं. आईने उठून तिच्या डोक्यावर हात ठेवला. 

शेवटी राहवलं नाही ते गनीला.

"पण पाह्य बेटा," तो घसा साफ करत म्हणाला, "म्या सांगून राह्यलो तेच खरं झालं. पाह्य कसे जळले. कंपनीचाच माल खोटा."

"कंपनीले कायले बोल देता?" आई डोळे पुसत म्हणाली. "पायानं जळले ते."

"पायानं?"

"सरचा पाय ब्रेकवरून निघे तं शपथ. अवो, गाडी चालू झाली का पाय ब्रेकवर. सपाट रस्ता असो, चढ असो. बाभुळगावले गेलतो तवा साऱ्या रस्त्यानं मांगचे लोक हॉर्न देत होते. मांगचा लाल लाइट बंदच होत नोहता! एक ट्रकवाला तं बाजूनं येऊन बोलून गेला. म्या म्हणलं, पाय काढा वो. तं म्हणे, सत्यभामा, सावध असलेलं बरं."

गनी कपाळाला हात लावायला गेला, पण तिथे चष्मा होता.

"मग हे गनीभाईंना का नाही सांगितलंस?" ममता म्हणाली. "इतकी वर्षं ते दोघं..."

"मले कोणी इचारलं? हे दोघं इथं डबे वाचत बसत. एखाद्या खेपेले घरी येऊन मले सांगत, आता नवा ब्रँड लावला. मी म्हणो, लावा. गाडीतलं बायकाले काय समजते!"

विदर्भात ब्रेकचं काम समजणाऱ्या दोघांपैकी दुसरं कोण, ते त्या दिवशी गनीला कळलं. त्याने ते मोठ्याने सांगितलं नाही, पण चहा मागवला, आणि पहिला कप आईला दिला.

*

चहा संपला तरी गाडी जॅकवरच होती. चाकं जमिनीवर पडलेली. हिरासिंगने इकडेतिकडे पाहिलं.

"मंग आता?" तो अदबीने म्हणाला. "माहं काही म्हणनं नाही. पण चाकं निघालेलीच हायत."

ममता उठली. टेबलावर त्या दिवशीचे तीन डबे तसेच होते. ती वाचलेलं सगळं आठवू लागली, पकड आणि उष्णता आणि डिस्कची झीज, आणि तिच्या लक्षात आलं की इतके महिने ती बाबांनी कुठला निवडला असता हे शोधत होती. बाबांनी तर सगळेच निवडले होते, एकामागून एक, आणि सगळेच जाळले होते.

"गनीभाई, ओरडणारा कुठला?"

"हा, कडक. पण आवाज येईन बेटा. पाय नुसता टेकला तरी बोंब मारते."

"तोच लावा."

"शरीफ घे ना! तुले आवाजाचा तरास..."

"तोच लावा. मला ते ऐकू यायला पाहिजे."

 गनीने डबा फोडला.

काम झाल्यावर त्याने सवयीने, मनात काही नसताना, गाडीतून निघालेले जुने पॅड उचलले, नव्या डब्यात घातले, झाकण लावलं आणि डबा ममतापुढे धरला. धरल्यावर त्याला कळलं. तो ओशाळून हात मागे घेणार, तेवढ्यात ममताने डबा घेतला. टेबलावरचं पेन घेऊन झाकणावर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'जुने'.

"लिही, लिही," आई म्हणाली. "नाही तं तुह्या मांगं कोणी हेच घेऊन येईन गनीभाऊकडं."

नवे पॅड डिस्कवर नीट बसायला गाडी थोडी पळवायची, हळू करायची, पुन्हा पळवायची, असं करावं लागतं. गनी म्हणाला, घाटापर्यंत जाऊन येऊ. तो मागे पलंगावर बसला. आई पुढे, ममताच्या शेजारी. हिरासिंग म्हणाला, मी इथंच थांबतो. त्याच्या चेहऱ्यावर अजून आशा होती.

ममता गाडी चालवायला बाबांकडूनच शिकली होती, याच गाडीवर, बाजार समितीच्या मागच्या मैदानात. बाबा शेजारी बसून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत. सावध. ती गाडी सावध चालवते असं सगळे म्हणत.

वस्ती संपली, रस्ता मोकळा झाला, तशी किरकिर सुरू झाली. बारीक, सलग, दाताखाली खडा आल्यासारखी.

"काहून आवाज येऊन राह्यला?" मागून गनी ओरडला. "म्या बराबर बसवले!"

ममताने कान दिला. चाक? डिस्क? वाचलेलं काही आठवतंय का ते ती बघू लागली. आवाज थांबेना.

"ममता," आई म्हणाली. आई रस्त्याकडे बघत नव्हती, खाली बघत होती. "पाय."

ममताने खाली पाहिलं. तिचा उजवा पाय अॅक्सिलरेटरवर होता. आणि डावा, क्लचवरून सुटून, कधीचा येऊन ब्रेकवर टेकलेला होता. दाबलेला नव्हता. नुसता ठेवलेला. आपण तो तिथे ठेवलाय हे तिला माहीतच नव्हतं, आज नाही, आणि त्या मैदानातल्या दिवसांपासून कधीच नाही.

तिने पाय उचलला. आवाज गेला. उचललेला पाय कुठे ठेवायचा ते काही क्षण कळेना, मग तो जमिनीवर आला. गाडी एकदम हलकी झाली, जणू मागून कोणीतरी धरून ठेवलं होतं ते सुटलं.

"हां," गनी म्हणाला. "आता."

घाटाच्या माथ्यावर तिने दुसरा गियर टाकला. उतार समोर वळत खाली गेला होता, दोन्ही बाजूंना सागाची झाडं, पानं सुकत आलेली. आईने वरचा दांडा धरला आणि डोळे मिटले नाहीत. पहिल्या वळणाच्या आधी ममताने ब्रेक दाबला, गाडी बोंबलली आणि हळू झाली. तिने पाय काढला. गाडी गप्प झाली आणि पुढे गेली. पुढच्या वळणाला पुन्हा तसंच. मागे पलंगावर गनी डोळे तपासायच्या तक्त्यासमोर दोन्ही हातांनी फळी धरून बसला होता, आणि कोणी विचारलं नसताना मोठमोठ्याने अक्षरं वाचत होता. वरच्या दोन ओळींपलीकडे त्याला काही दिसत नव्हतं. चष्मा कपाळावर होता.

घाटाच्या पायथ्याशी तिने गाडी बाजूला घेऊन वळवली. 

"आई, सांचीला..." ती म्हणाली.

"सांचीचं पाहू मंग. आधी बाभुळगावले चल, माह्या भावाकडं. मांगच्या खेपेचं सारं गाव अजून बोलते." आईने पदर सारखा केला. "अन् या टायमाले मी घरात झोपीन."

"मी गाडीत झोपेन."

"झोप. तुले वाचाले तक्ता हाय."

परत येताना गॅरेजसमोर हिरासिंग रस्त्याच्या कडेलाच उभा दिसला. त्याच्या पायाशी दोन विटा होत्या. कुठून आणल्या कोण जाणे, मापासाठी असतील. ममताने लांबूनच अॅक्सिलरेटरवरून पाय काढला, जवळ आल्यावर ब्रेक दाबला, आणि गाडी साऱ्या रस्त्याला ऐकू जाईल अशी किंचाळत बरोबर त्याच्या समोर उभी राहिली. तो विटांच्या मागे सरकला.

"थांबते तं खरी," तो म्हणाला. त्याच्या आवाजात खरंखुरं दुःख होतं.

"थांबते ना?" आई खिडकीतून म्हणाली. "म्हणून तं चाललो."